तसबिरींतला पोषाख

आमच्या चाळीची पुनर्बांधणी होणार हें ठरल्यापासून गिरगांवांतील आमच्या वाडीचें रूप पालटलें आहे. ज्या गॅलरींत उन्हाळ्यांत पापड-कुरडया वाळत आणि परीक्षेच्या दिवसांत मुलें पाठांतर करीत येरझारा घालीत, तेथें आतां पत्र्याच्या ट्रंका, पितळेचे डबे, पाटे-वरवंटे आणि भिंतींवरून उतरविलेल्या तसबिरी ओळीनें मांडलेल्या आहेत. तीन पिढ्यांचा संसार एका खोलींत कसा मावला होता, ह्याचें आश्चर्य तो बाहेर निघाल्यावरच वाटूं लागतें. तात्पुरत्या भाड्याच्या जागेंत काय न्यावयाचें आणि काय टाकावयाचें, ह्यावर घरोघर खल चालू आहे. भांड्यांचा निकाल लौकर लागतो. तसबिरींचा लागत नाहीं. देवाची तसबीर टाकवत नाहीं, आणि पूर्वजांची कोणी विकत घेत नाहीं.

आमच्या खोलींतून ज्या तसबिरी खालीं उतरल्या त्यांत एक आमच्या आजोबांची आहे. तिच्या पाठीमागें फिकट शाईनें १९२८ हें साल घातलेलें आहे. आजोबा कोंकणांतून मुंबईस आले, काळबादेवीवरील एका पेढीवर कारकून झाले, आणि ह्याच खोलींत त्यांनीं जन्म काढला. तसबिरींत मात्र ते एखाद्या संस्थानचे कारभारी शोभतील असे दिसतात. डोक्यास पगडी, अंगांत काळा लांब कोट, खांद्यावर जरीकांठी उपरणें; एक हात कोरीव मेजावर टेकलेला, मेजावर विलायती फुलदाणी; पाठीमागें पडद्यावर रंगविलेले उंच खांब आणि त्यांपलीकडे तळें. कोटाच्या गुंडीपासून खिशांत गेलेली घड्याळाची साखळी स्पष्ट दिसते, आणि तिला लोंबणारें नांगराच्या आकाराचें एक लहानसें पदकहि दिसतें.

ह्या घड्याळानें आमच्या घराचे दोन भाग केले. १९५१ सालीं आजोबा वारले. वाटणीच्या वेळीं भांडीं निघालीं, आजीच्या पाटल्या निघाल्या, घड्याळ निघेना. तसबिरींत तर तें ढळढळीत होतें. आजोबांच्या शेवटच्या आजारांत ट्रंकेची किल्ली धाकट्या मुलापाशीं, म्हणजे आमच्या काकांपाशीं, असे. उघड आरोप कोणीं केला नाहीं. आमच्या वडिलांनीं फक्त एकदां विचारलें, आणि काकांनीं फक्त एकदां उत्तर दिलें कीं, असें घड्याळ घरांत कधीं नव्हतेंच. वडिलांनीं कांहीं न बोलतां भिंतीकडे पाहिलें. त्या वर्षीं दिवाळीच्या आधींच काकांनीं ठाण्यास बिऱ्हाड केलें, आणि पुढें गिरगांवच्या गणपतीस ते आले नाहींत. आमचा जन्म ह्यानंतरचा. परंतु घड्याळ हा शब्द घरांत जपून उच्चारावयाचा असतो, हें आम्हांस बाराखडीबरोबरच कळलें.

हें घरगुती प्रकरण मासिकांत कशास, असें वाचकांस वाटेल. त्याची गांठ एका अगदींच परक्या विषयाशीं पडली, म्हणून तें सांगणें प्राप्त झालें.

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिकते. आवरासावरीस हातभार लावावा म्हणून ती आठ दिवस आमच्याकडे राहावयास आली होती. युरोपांतील राजेरजवाड्यांच्या व सरदारांच्या व्यक्तिचित्रांत परदेशी पोषाख आणि परदेशी मौल्यवान चिजा कशा येतात, ह्यावर तिला एक निबंध लिहावयाचा होता. रात्रीं जेवणें झालीं कीं गॅलरींतल्या ट्रंकेवर बसून ती हातांतल्या फोनवर एकेक चित्र दाखवी, आणि आम्ही चष्मा पुसून पाहात असूं. ज्याचें आयुष्य रूपावलि घोकवून घेण्यांत गेलें, त्यास ही विद्या नवी होती. पण शिकविणारी उत्साही असली म्हणजे शिकणाराचें वय आड येत नाहीं.

प्रथम तिनें एक गालिचा दाखविला. १५३३ सालीं होल्बाइन नांवाच्या चितारानें लंडनमध्यें दोन फ्रेंच वकिलांचें चित्र काढलें. दोघांच्या मधोमध एक उंच मांडणी आहे, आणि तिच्यावर तुर्की गालिचा पसरलेला आहे. गालिचा मेजावर कां, असें आम्हीं विचारलें. तेव्हां कळलें कीं, त्या काळीं पूर्वेकडील गालिचा युरोपांत इतका मोलाचा होता कीं, तो पायदळीं घेण्यापेक्षां मेजावर पसरण्याचीच चाल होती. ह्यांत आम्हांस परकें कांहींच वाटलें नाहीं. आमच्या मातोश्रींनीं पाहुण्यांसाठीं म्हणून राखून ठेवलेली सतरंजी आम्हीं आमच्या मुंजीनंतर थेट गेल्या महिन्यांत ट्रंकेंतून निघालेली पाहिली.

पुढचें चित्र पाहून मात्र हंसूं आवरेना. व्हॅन डाइक ह्या विख्यात चितारानें १६३३ च्या सुमारास काढलेलें हें चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. विल्यम फील्डिंग, डेन्बी परगण्याचा पहिला अर्ल, १६३१ सालीं निघून इराण व हिंदुस्थान पाहून गेला. शहाजहान बादशहाचा दरबारहि त्यानें पाहिला. घरीं परतल्यावर त्यानें आपली छबी काढविली ती गुलाबी रेशमाच्या पट्टेदार पायजम्यांत आणि तसल्याच आंगरख्यांत. हातांत बंदूक, शेजारीं माड, माडावर पोपट, आणि तो पोपट साहेबांस दाखविणारा एक पागोटेंवाला हिंदी पोरगा. साहेबाची मुद्रा अशी, कीं त्यास पोपटहि दिसत नाहीं आणि घरची वाटहि दिसत नाहीं.

“मामा, चित्राला नांव फक्त अर्लाचं आहे,” भाची म्हणाली. “मुलगा नुसता मुलगा.”

आम्हीं म्हटलें कीं, पायजम्याचें नांव तरी आपलें राहिलें. तो शब्द इंग्रजींत गेला आणि तेथेंच नांदला.

त्याच चितारानें १६२२ सालीं रोम येथें रॉबर्ट शर्ली नांवाच्या इंग्रजाचें चित्र काढलें. त्याच्याहि डोक्यास फेटा आहे आणि अंगावर जरतारी झगा आहे. वरवर पाहतां हा अर्लाचाच भाऊ वाटतो. पण शर्ली हा इराणचा बादशहा शहा अब्बास ह्याचा वकील म्हणून युरोपांतील दरबारांत हिंडत होता. पोषाख त्याच्या कामाचा होता, आणि तो अंगावर घालून तो राजांसमोर उभा राहात असे. एकानें परका पोषाख हौसेनें चढविला, दुसऱ्यानें तो चाकरी म्हणून धारण केला. चित्रांत दोन्ही सारखेच दिसतात. हा भेद आम्हांस पुढें फार उपयोगीं पडला.

आमच्या सौभाग्यवतींस ह्या रात्रीच्या शाळेंत गोडी नव्हती. परंतु एक चित्र त्यांनीं हातचा चिवटा निवडणें टाकून पाहिलें. नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिचें हें चित्र ग्रो नांवाच्या चितारानें १८०९ त काढलें. फ्रेंचांच्या इजिप्तवरील स्वारीपासून काश्मिरी शालींचें वेड पॅरिसच्या स्त्रियांस लागलें होतें, आणि जोसेफिन ही त्या वेडाची राणी. ह्या चित्रांत तिचा झगाच मुळीं पांढऱ्या काश्मिरी शालीचा शिवलेला आहे, आणि खांद्यावरून दुसरी तांबडी शाल सोडलेली आहे. जी वस्तु तिकडे माणसें नुसती पांघरीत, ती हिनें कापून झगा केली! लडाखकडच्या बकरीची लोंकर, श्रीनगरच्या मागांवर कारागिरांचे कित्येक महिने, मग उंटावरून आणि गलबतांतून तो प्रवास; आणि शेवटीं शिंप्याची कात्री.

“ही तर कुयरी!” सौभाग्यवती म्हणाल्या, आणि उठून आपल्या लग्नांतला शालू घेऊन आल्या. खरोखरच पदरावर तीच आकृति होती. ह्या कुयरीची कथाहि ऐकण्याजोगी आहे. काश्मिरी शाली परवडत नाहींत म्हणून एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडांतील पेझली गांवच्या मागांवर त्यांची हुबेहूब नक्कल निघूं लागली. ती इतकी खपली कीं, आज साऱ्या जगांत त्या आकृतीस पेझली म्हणतात. मुंबईंतील कापडाच्या दुकानांतहि हल्लींच्या मुली ‘पेझली दाखवा’ म्हणून मागणी करतात, हें भाचीनेंच सांगितलें. आंब्याच्या कुयरीस विलायती गांवचें नांव पडावें, आणि तें आम्हीं कौतुकानें उच्चारावें, ह्याला काय म्हणावें?

परंतु एकट्या युरोपास हंसण्याचा आपणांस अधिकार नाहीं. परदेशी वस्त्राचा बडेजाव आपल्याकडे जुनाच आहे. कालिदासानें शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या अखेरीस राजाच्या मनास ध्वजाच्या चीनी रेशमाची उपमा दिली आहे. म्हणजे चीनचें रेशीम त्या काळीं राजाच्या रथावर फडकत होतेंच. पेशव्यांच्या दरबारीं तर पोषाख हा राज्यकारभाराचाच भाग. पेशवाई मिळाली असें म्हणत नसत, पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं असें म्हणत. आणि तीं साताऱ्याहून छत्रपतींकडून यावीं लागत. सवाई माधवरावांस तीं मिळालीं तेव्हां, १७७४ सालीं, त्यांचें वय चाळीस दिवसांचें होतें. अंगापेक्षां वस्त्र केवढें मोठें असूं शकतें, ह्याचें ह्याहून ठळक उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

ह्याच सवाई माधवरावांचें चित्र जेम्स वेल्स नांवाच्या स्कॉच चितारानें काढलें. तो १७९१ सालीं मुंबईस उतरला आणि पुढल्या वर्षीं इंग्रजांचा पुण्यांतील वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्या आश्रयानें पुणें दरबारीं पोंचला. पेशवे तेव्हां अठरा वर्षांचे. चित्रांत त्यांच्याबरोबर नाना फडणवीस आहेत. तें चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे, आणि आपल्या शालेय पुस्तकांतून त्याच्या प्रती पाहून आम्ही लहानाचे मोठे झालों. आजवर आम्हीं त्यांत फक्त पेशवे पाहिले. भाचीच्या संगतीनें प्रथमच गळ्यांतल्या मोत्यांकडे पाहिलें. मोत्यें इराणच्या आखातांतलीं. आपण ज्यांस बसऱ्याचीं मोत्यें म्हणून नथींत घालतों तीं. त्या काळच्या दरबारीं जे पाचू असत तेहि पुष्कळदां अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांच्या गलबतांनीं गोव्यास आलेले असत. तेव्हां पुण्याचा दरबार लंडनच्या चिताराला दाखविण्यास जें लेवून बसला होता, त्यांतलें बरेंचसें समुद्रावरून आलेलें होतें. १७९५ च्या ऑक्टोबरांत पेशवे गेले, आणि त्याच वर्षीं वेल्सहि वारला.

भाचीस एवढ्यानें समाधान झालें नाहीं. पुणें दूर, लंडन त्याहून दूर. आपल्या वाडीच्या आसपास कांहीं आहे कीं नाहीं, असा तिचा प्रश्न. म्हणून रविवारीं सकाळीं आम्ही दोघें ठाकूरद्वाराहून पायीं निघालों. फडके गणपतीस नमस्कार केला, फणसवाडी ओलांडली, खोताच्या वाडींतील लांकडी कठड्यांचीं जीं घरें अजून उभीं आहेत त्यांच्यावरून गेलों, आणि १८९३ पासून गणपति बसविणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळीपाशीं येऊन थांबलों. वाटेंत जुन्या वाड्यांच्या जागीं उठलेले मनोरे पाहून मान दुखूं लागते. ह्याच गिरगांवांत, चाळींत गणपति बसला त्याच्या दुसऱ्या वर्षीं, १८९४ त, राजा रविवर्मा ह्यांनीं आपला रंगीत शिळाछाप छापखाना काढला. यंत्रें जर्मनींतून आलीं, तीं चालविणारे कारागीरहि जर्मन, भांडवलाचे भागीदार गोवर्धनदास खटाव मकनजी, आणि देखरेखीस रविवर्म्यांचे बंधु राजराजवर्मा. पहिलें छापलेलें चित्र शकुंतलेच्या जन्माचें. पुढें प्लेगाच्या धुमाळींत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन गृहस्थाच्या मालकीचा झाला. त्याच छापखान्यासाठीं कांहीं काळ काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजीं पुन्हां ह्याच गिरगांवांत, कॉरोनेशन थिएटरांत, लोकांपुढें आला. रस्त्यानें जातांना आज ह्यांतलें कांहींच दिसत नाहीं. दिसतात त्या मिठाईच्या दुकानापुढील रांगा, आणि त्यांसहि आमची ना नाहीं.

घरीं येऊन आम्हीं आमची लक्ष्मीची तसबीर पुसून घेतली. रविवर्म्यांच्याच चित्राची ती छापील प्रत. आजीनें तिच्या लुगड्याच्या कांठावर खरी जर शिवली होती आणि मुकुटास टिकल्या लावल्या होत्या. घरोघरच्या बायका त्या काळीं तसें करीत. म्हणजे देवी केरळच्या चिताराची, यंत्र जर्मनीचें, जर सुरतेची, टांके गिरगांवांतले. आम्हीं लहानपणापासून हात जोडले ते ह्या सर्वांस मिळून.

ह्याच संदर्भांत भाचीनें एक गोष्ट सांगितली ती आमच्या जिव्हारीं लागली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं रविवर्म्यांस चौदा पौराणिक चित्रांचें काम दिलें, तेव्हां पुराणांतील पात्रांस कोणता पोषाख द्यावा हा प्रश्न पडला. दोघे बंधु साऱ्या देशास सामान्य असा कांहीं जुना पोषाख सांपडतो काय हें पाहण्यास उत्तरेकडे हिंडून आले. तसा कांहीं सांपडला नाहीं. शेवटीं त्यांनीं साडी पसंत केली, आणि ती नेसविण्यांत आपल्या महाराष्ट्राची छाया बरीच पडली. सीता, दमयंती, शकुंतला ह्या आज आपल्या डोळ्यांसमोर ज्या वेषांत उभ्या राहतात, तो वेष असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरलेला आहे. आम्हीं तीस वर्षें वर्गांत शाकुंतल शिकविलें. वल्कलाचा श्लोक आला म्हणजे त्याचा अन्वय लावीत असूं, आणि मनांत मात्र जरीकांठाचें लुगडें नेसलेली स्त्री पाहात असूं! मुलांसहि तीच शकुंतला दाखविली. आतां त्या मुलांचीं मुलें शिकून मोठीं झालीं. चूक दुरुस्त करण्यास कोणास बोलावणार?

आणि कालिदासास तर हें चांगलें ठाऊक होतें. सहाव्या अंकांत दुष्यंत स्वतः काढलेलें शकुंतलेचें चित्र पाहतो, आणि त्यांत काय राहिलें तें सांगतो. कानावर टेकणारें शिरीषाचें फूल काढावयाचें राहिलें, आणि छातीवर रुळणारी कोंवळ्या कमलतंतूंची माळ राहिली. राजाच्या भांडारांत रत्नें कमी होतीं असें नाहीं. पण जें तिचें होतें तेंच त्याला चित्रांत हवें होतें.

जाण्याच्या आदल्या रात्रीं भाचीनें शेवटचें चित्र दाखविलें. सॅम्युअल पीप्स हा इंग्लंडच्या आरमार खात्यांतला अधिकारी, दरबारांत ऊठबस असलेला, आणि आपल्या रोजनिशीमुळें प्रसिद्धीस आलेला. १६६६ सालीं जॉन हेल्स ह्या चितारानें त्याचें चित्र काढलें. तें लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरींत आहे. हातांत त्यानें स्वतः रचलेल्या गाण्याचा कागद धरला आहे, आणि अंगांत तपकिरी रेशमाचा एक सैल हिंदी झगा आहे. तसले झगे त्या व पुढल्या शतकांत सधन युरोपियन पुरुष घरांत घालीत, कांहीं रेशमाचे, कांहीं आपल्या छिटाचे. इंग्रजींत त्यांस ‘बॅनियन’ म्हणूं लागले. मूळ शब्द आपला वाणी. तोच शब्द पुढें फिरून आपल्याकडे परत आला, आणि आज सकाळीं गॅलरींत दांत घाशीत उभे राहणारे सद्गृहस्थ जें अंगांत घालतात तें बनियन झालें. ह्यावर आमचें हंसणें चाललें असतां भाची सहज म्हणाली,

“पण मामा, झगा त्याचा नव्हताच. भाड्यानं आणला होता, चित्रापुरता. त्यानंच रोजनिशींत लिहून ठेवलंय.”

आम्हीं तें वाक्य तिच्याकडून पुन्हां एकदां म्हणवून घेतलें. साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या एका साहेबाच्या प्रांजळपणानें आमच्या पोटांत कां गोळा आला, तें तिला समजेना. आम्ही उठून आजोबांची तसबीर दिव्याखालीं धरली. पगडी, कोट, उपरणें, मेज, फुलदाणी. साखळी. नांगर.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. सकाळीं उजाडतांच आम्हीं गॅलऱ्या धुंडाळल्या. प्रत्येक बिऱ्हाडाच्या तसबिरी बाहेरच होत्या; इतकीं वर्षें त्या निरनिराळ्या भिंतींवर होत्या म्हणून कोणीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या नव्हत्या. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापाशीं, एका जुन्या शेजाऱ्यांच्या सामानांत, त्यांचे पणजोबा भिंतीस टेकून उभे होते. माणूस अगदीं निराळा, ठेंगणा आणि स्थूल, मिशा पांढऱ्या. पण मेज तेंच, फुलदाणी तीच, तेच खांब आणि तेंच तळें. कोट त्यांस पोटावर ताणला होता, आणि गुंडीपासून खिशांत गेलेल्या साखळीस तोच नांगर लोंबत होता. दोन्ही पुठ्ठ्यांच्या खालच्या कोपऱ्यांत एकाच स्टुडिओचा ठसा.

फोटोची विद्या मुंबईस लौकर आली. १८५४ सालींच येथें फोटोग्राफीची संस्था निघाली, आणि तिच्यामागून थोड्याच वर्षांत हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखे आपले लोक त्या धंद्यांत नांवारूपास आले. पुढें गल्लोगल्लीं स्टुडिओ झाले, आणि त्यांनीं चिताऱ्यांची जुनी रीत तशीच उचलली. रंगविलेला पडदा, कोरीव खुर्ची, फुलदाणी, जाड पुस्तक. आणि ज्यास कोट नाहीं त्यास कोट, ज्यास घड्याळ नाहीं त्यास घड्याळ. फोटो काढून झाला कीं तें सारें खुंटीवर परत. ज्यानें तो काढविला त्याला ह्यांत लबाडी वाटत नसे, आणि आम्हांसहि वाटत नाहीं. आजोबांनीं हा फोटो गांवीं आपल्या आईस पाठविण्याकरितां काढविला होता, अशी आमच्या आजीची आठवण. मुलगा मुंबईस सुखांत आहे एवढें त्या माउलीस दिसावें! अर्लानें आपण कोठें जाऊन आलों तें दाखविलें, आजोबांनीं आपण कोठें पोंचलों तें दाखविलें. १९३० नंतर ते खादीवांचून दुसरें वस्त्र अंगास लावीत नसत, आणि ह्या तसबिरीकडे कोणीं बोट दाखविलें तर विषय बदलीत, असेंहि आजी सांगे. आम्हीं तो त्यांचा विनय समजत होतों.

शकुंतलेची अंगठी हरवली म्हणून तिचें खरें बोलणें खोटें ठरलें. आमच्या काकांच्या वेळीं तर अंगठीच नव्हती. चित्रांत होती तेवढीच. काकांनीं एका वाक्यांत खरें सांगितलें, आणि घरानें माणसापेक्षां तसबिरीवर विश्वास ठेवला. वडील १९८९ त गेले, ते मनांत तें घड्याळ घेऊनच. काका त्यांच्यामागून बरींच वर्षें होते. आम्ही तेव्हां चांगले जाणते होतों. ठाणें कांहीं काशी-रामेश्वर नव्हे. तरी आम्ही लग्नामुंजींखेरीज गेलों नाहीं, आणि गेलों तेव्हां हा विषय काढला नाहीं. काढावयास हवा होता काय, असें आम्ही आतां स्वतःस विचारतों. तेव्हां आमच्याहि मनांत घड्याळ होतें, हें खरें उत्तर आहे.

शेजाऱ्यांची तसबीर त्यांच्या परवानगीनें मागून घेतली आणि आजोबांची आमची, अशा दोन्ही जुन्या धोतरांत गुंडाळून आम्ही चर्नी रोडहून दादरास आणि दादराहून ठाण्यास गेलों. काकूंनीं नव्वदी ओलांडली आहे. नजर अधू झाली आहे, पण ओळख पक्की. आम्हीं नमस्कार करून दोन्ही तसबिरी त्यांच्या मांडीवर शेजारीं शेजारीं ठेवल्या आणि साखळीवर बोट ठेवून सारें सांगितलें. सांगतांना मध्येंच आमचा आवाज राहीना, तेव्हां काकूंच्या सुनेनें पाणी आणून दिलें. काकूंनीं सांडशीसारखीं वांकलेलीं बोटें कांचेवरून फिरविलीं. आधीं शेजाऱ्यांचे पणजोबा पाहिले, मग मामंजी पाहिले. बराच वेळ पाहिले.

“कोटाच्या बाह्या बघ कुठवर आल्यात,” त्या म्हणाल्या. “बोटं झांकलीत. मामंजींना कोट सैल होत होता.”

मग त्यांनीं विचारलें कीं, ही दुसरी तसबीर लोकांची आहे ना, मग नीट बांधून ने, गाडींत गर्दी असते. आणि जेवून जा.

आम्ही जेवलों. निघतांना शेजाऱ्यांची तसबीर परत धोतरांत गुंडाळली. आजोबांची तेथेंच ठेविली. काकूंचा नातू खिळा आणि हातोडी घेऊन स्टुलावर चढला, आणि काकूंनीं पलंगावरूनच हात करून त्यास काकांच्या फोटोच्या डाव्या बाजूची जागा दाखविली.